कॅमेऱ्यात सपाट झालेला घाट

आमच्या ट्रेकच्या गटातल्या सगळ्या बायकांनी मला वेड्यात काढलं होतं. जूनमध्ये हिमालयात जायचं ठरलं होतं आणि कॅमेऱ्याचा विषय निघाला की सगळ्यांचं एकच म्हणणं, ॲक्शन कॅमेरा घ्या. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, छातीला पट्ट्यानं बांधायचा आणि विसरून जायचं. हात काठीला मोकळे. पावसात भिजला तरी फरक नाही. मला मात्र मिररलेस हवा होता. तो जड, त्याची लेन्स वेगळी, पिशवी वेगळी, आणि फोटो काढायचा तर प्रत्येक वेळी थांबा. दोन्ही घेणं मला परवडणारं नव्हतं आणि परवडलं असतं तरी दोन्हींचं ओझं वाहायची तयारी नव्हती.

मी अकोल्याला शाळेत गणित शिकवते. कुणाच्या सांगण्यावरून मी आजवर चप्पलसुद्धा घेतलेली नाही. त्यामुळे ठरवलं की दोन्ही कॅमेरे एकाच चढावर वापरून बघायचे आणि मग काय ते घ्यायचं. चढ कोणता, हे मात्र आईनं ठरवलं.

आई अमरावतीला माझ्या धाकट्या भावाकडे राहते. तरुणपणी ती रोजगार हमीच्या कामावर होती. परतवाड्याच्या पुढे, जंगलाचा नाका लागायच्या आधी, एक रस्ता वळणं घेत डोंगरावरच्या गावाला चढतो. तो रस्ता होत असताना तिनं खालच्या खाणीतून डोक्यावर दगड वाहिले. मी तेव्हा चार वर्षांची, दर्यापूरला आजीकडे ठेवलेली. त्या घाटाच्या गोष्टी ऐकतच आम्ही दोघं भावंडं वाढलो. जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, विहारातून परत येताना, कुठूनही सुरुवात झाली तरी आईचं बोलणं त्या घाटात पोचायचं. भाऊ कंटाळायचा. मीही कधी कधी कंटाळले आहे, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात भाऊ घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याला गेला आणि येताना त्यानं मुद्दाम आईचा घाट गाडीनं चढून दाखवला. वर पोचल्यावर म्हणाला, "आई, हाच का तुह्यावाला घाट? अवं, हा त दहा मिनिटाचा चढ आहे!"

तो बँकेत आहे, मनानं वाईट नाही, थट्टा करायची सवय आहे. पण आई त्या दिवसापासून घाटाचं नावच काढेना. कंटाळवाणी वाटणारी ती गोष्ट बंद झाल्यावर मला ते घर चमत्कारिक गप्प वाटायला लागलं. मला भावाचा इतका राग आला होता की दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

कॅमेऱ्याचं कळल्यावर आई फोनवर एवढंच म्हणाली, "मंग माह्यावाला घाट काढून आन. त्याले दाखवू."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी गटातल्या मैत्रिणीचा ॲक्शन कॅमेरा मागून घेतला आणि एकटीच गेले. पळस फुलला होता. पायथ्याशी रिक्षा सोडली, पट्टा छातीवर घट्ट केला आणि चालायला लागले. पहिल्या दोन वळणांनंतर कॅमेरा काढून पाहिलं तर सगळा वेळ नुसतं गुलाबी कापड हलत होतं. उन्हासाठी आपल्याकडे सगळ्याच बायका बांधतात तसा मी तोंडाला दुपट्टा बांधला होता आणि त्याचा शेव बरोबर लेन्सवर लोंबत होता. स्वतःला चार शिव्या दिल्या, शेव पाठीमागे खोचला, परत खाली गेले आणि पहिल्यापासून चढले. शेवटच्या वळणावर माझे पाय थरथरत होते. खरोखरच उभा चढ आहे तो. मी खूश होते. भावाचं तोंड आता बंद होणार होतं.

संध्याकाळी अमरावतीला घरच्या टीव्हीवर लावलं. चित्र सुरेख होतं, आभाळ निळंभोर, कडेच्या भिंतीचा दगड न् दगड स्वच्छ. पण घाट कुठे होता? पडद्यावर एक रुंद, गुळगुळीत रस्ता हळूहळू पुढे सरकत होता. डोंगर लांब, बुटका होऊन बसला होता. चढ तर जवळपास दिसतच नव्हता. शिवाय हादरे घालवायची त्या कॅमेऱ्यात सोय असते, त्यामुळे माझं धापा टाकत, ठेचकाळत चालणंही त्यानं पुसून टाकलं होतं. मी बागेत फिरायला गेल्यासारखी दिसत होते.

"मी सांगत होतो न," भाऊ हसला. "ताईनंच पुरावा आणला."

आई पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा माह्यावाला घाट नाही." मग उठून आत गेली. मला रडूच आलं. तिच्या बाजूनं बोलायला गेले होते आणि तिच्याविरुद्ध साक्ष देऊन आले होते.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर त्रिकोण काढताना डोकं ताळ्यावर आलं. त्या कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद बघते. सगळंच एका चौकटीत घ्यायचं म्हणून लांबचं आणखी लांब ढकलते, मग डोंगर लहान होतो आणि चढ पसरतो. रुंदी कमी करायची सोय असते, तीही मी मधल्या आठवड्यात शाळेमागच्या टेकाडावर वापरून पाहिली. कडा सरळ झाल्या, पण टेकाडाला उंची आली नाही. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. नदीत उडी मारणाऱ्यानं, सायकलवरून उतारानं सुटणाऱ्यानं तोच घ्यावा. पण एखाद्या जागेनं माणसाचा किती जीव काढला, हे त्याला सांगता येत नाही. मला तेवढंच सांगायचं होतं.

ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून मी मिररलेस भाड्यानं आणला. त्याच्यासोबत लांबचं जवळ ओढणारी लेन्स मागून घेतली. आणि भावाला फोन करून सांगितलं, "येत्या रविवारी आईला घेऊन घाटात जायचं. गाडी तू चालवायची."

"तिचे गुडघे पाहिले काय तू?" तो म्हणाला.

"पाहिले. सकाळी सहाला तयार राहा."

परतवाड्याला कचोरी खाऊन आम्ही आठच्या सुमारास घाटात पोचलो. चौथ्या वळणावर आईनं गाडी थांबवायला लावली. तिथे रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला दगड रचून केलेली भिंत आहे, कमरेएवढी, सिमेंटशिवाय. आई उतरली, भिंतीपाशी गेली आणि एकेका दगडावर हात ठेवत चालू लागली. शेवटी एक रुंद दगड पाहून ती त्यावर बसली.

मी कॅमेरा घेऊन चालत वरच्या वळणावर गेले. तिथून लेन्समधून पाहिलं. आई चौकटीत होती, पांढरं लुगडं, मांडीवर हात. तिच्या खाली घाटाची तिन्ही वळणं एकावर एक रचल्यासारखी उभी होती. अगदी तळाशी खाण, तिचा लाल खड्डा, आणि त्याच्याही खाली परतवाड्याकडचं काळं रान. तिथून इथवर. डोक्यावर दगड. मला पहिल्यांदाच ते दिसलं. इतकी वर्षं मी नुसतं ऐकत होते.

ऊन तापायला लागलं होतं. भाऊ गाडीपाशी चुळबुळत होता. घाटात आवाज वर चढतो, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"चाल न आई, ऊन होऊन राहिलं. गाडीत बस."

आई उठली नाही. "तवा मुकादम बसू देत नव्हता," ती म्हणाली. "आता तू काहून मुकादम होऊन राहिला?"

भाऊ गाडीला टेकून उभा राहिला. आई बसून राहिली, चांगला अर्धा तास. मला फोटोसाठी दोन मिनिटं पुरली असती. पण मीही जागची हलले नाही.

घरी आल्यावर मी तो फोटो टीव्हीवर लावला. या वेळी आई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली. स्वतःकडे तिनं बघितलंच नाही. बोटानं वळणं दाखवत म्हणाली, "हे खालचं दुसऱ्या टोळीचं. हे अन् हे आमचं." भाऊ तिच्या मागे उभा होता.

मग म्हणाला, "एवढा उभा आहे हा?"

"मंग?"

"त्या खाणीतून दगड घेऊन अथीवर येत होती तू?"

"मंग काय गाडीनं?"

तो हसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ताई त आजीकडे होती दर्यापूरले. मी कोठी होतो?"

आई पडद्याकडेच बघत होती. "तू माह्यासंगंच होता. पोटात."

आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं. घाटाच्या शेकडो गोष्टींत ही कधीच आली नव्हती.

"मुकादमाले पोटुशी बाई दिसली की तो घरी धाडे," ती म्हणाली. "म्हनून पदर मोठा घेऊन राहे मी. तवा कोनाले सांगतलं नाही, मंग सांगायचं राहूनच गेलं." आणि चहा टाकायला आत गेली.

भाऊ तिच्या रिकाम्या खुर्चीत बसला. मी टीव्ही बंद करायला गेले तर म्हणाला, "राहू दे."

मी मिररलेस घेतला. गटातल्या बायका अजूनही बोलतात. वर हवा विरळ असते ताई, एकेक ग्रॅम जड वाटतो, पाचव्या दिवशी तुम्हीच तो कुणाच्या तरी पाठीवर द्याल. मी देणार नाही. सराव म्हणून दर रविवारी लेन्ससकट पूर्ण वजन पाठीवर घेऊन तोच घाट चढते. खाणीपासून सुरुवात करते आणि आईच्या दगडावर बसते.

गेल्या रविवारी भाऊ म्हणाला, मीही येतो. अमरावतीहून त्याच्याच गाडीनं निघालो. मला वाटलं, मला खाली सोडून गाडी वरपर्यंत नेईल आणि तिथे माझी वाट बघत बसेल. त्यानं गाडी खाणीपाशी लावली.