सातव्या क्रमांकाचे वाचन

प्राध्यापक वसंत भास्कर घैसास यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लेखणी चालविण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास कोणत्या पुण्याईने प्राप्त झाला, याचा शोध घेता पुण्याई म्हणावी असे काहीही हाती लागत नाही. हाती लागतो तो एक लोलक, आणि तोही कपाटात ठेवलेला.

पस्तीस वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या आमच्या महाविद्यालयात घैसाससर पदार्थविज्ञान शिकवीत असत आणि मी ते शिकत असल्याचा आभास निर्माण करीत असे. पहिल्याच प्रात्यक्षिकात साध्या लोलकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण काढावयाचे होते. मी ते दहा मिनिटांत काढले आणि पाठ्यपुस्तकात होते तितकेच, दुसऱ्या दशांशस्थानापर्यंत अचूक काढले. सरांनी वही पाहिली, टेबल पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

"उत्तर फार सुंदर आलंय. लोलक कुठे आहे?"

"सर, लोलक... कपाटात आहे."

"म्हणजे डोंबिवलीचं गुरुत्वाकर्षण तू कपाटातून काढलंस. देवस्थळी ना तू? शोभतं. चमत्कार तुमच्या आडनावातच आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या वाचनांवर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि मग जो नियम सांगितला तो त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही मुखोद्गत असेल: "चुकलेलं रीडिंग खोडरबराने पुसायचं नाही, त्याच्यावर गिरवायचं नाही. एका रेघेने खोडायचं. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि ज्याने चूक केली त्याने शेजारी सही करायची." आज मात्र सही आपण केली, असे मी धाडसाने निदर्शनास आणून दिले. "तुला शिकवलं नव्हतं, ती चूक माझी," सर म्हणाले. "पुढच्या वेळी तू करशील."

ते 'पुढच्या वेळी' मी फार लांबविले. त्याचाच हा वृत्तान्त आहे.

पुढे मी तत्त्वज्ञानाकडे वळलो. त्या शास्त्रात कपाटातून काहीही काढता येते, अशी माझी समजूत होती. कल्याणच्या एका महाविद्यालयात मी अध्यापन करू लागलो. सर निवृत्त झाल्यानंतर त्यांनी आपल्या डोंबिवलीच्या सदनिकेत दर रविवारी सकाळी एक अभ्यासमंडळ भरविण्यास आरंभ केला. विषय एकच, वर्धन. मनुष्याची स्मृती, श्रवण, अवधान, बुद्धी ही आहे त्याहून वाढविता येते काय, आणि येत असल्यास वाढवावी काय? मानसशास्त्राच्या बाजूने ठाण्याच्या डॉ. नलिनी कारखानीस येत, पदार्थविज्ञान सरांचे होते, आणि तत्त्वज्ञानाची धुरा, इतर कोणी उपलब्ध नसल्यामुळे, माझ्या स्कंधांवर होती.

पहिले चार रविवार केवळ एका प्रश्नावर गेले: चष्मा हा उपचार की वर्धन? मी उपनिषत्काळापासून प्रारंभ केला. सरांनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकविली.

"देवस्थळी, खाऊन घे, मग बोल. वाढलं म्हणतोस ना? किती पट वाढलं, आणि कशाच्या मानाने? आधीची पातळी कोणी मोजली होती?"

"अहो घैसास, माणूस म्हणजे काय तुमची तार आहे का, टोकाला वजन लावून ताणायला?" कारखानीसबाई म्हणत.

"तार बरी हो. ती खोटं बोलत नाही."

आज लक्षात येते की सरांची समग्र विचारसरणी या प्रश्नात सामावलेली होती. पदार्थविज्ञानात संकेत वर्धित करावयाचा म्हटला की गोंगाटही सोबत वाढतो. मानसशास्त्रात एकच चाचणी दोनदा दिली की माणूस केवळ सवयीने सुधारतो. आणि तत्त्वज्ञानात 'अधिक' हा शब्द 'उत्तम' या शब्दाचा वेष घेऊन बिनदिक्कत हिंडतो. तिन्ही शास्त्रांत फसवणुकीचे द्वार एकच, आणि त्या द्वारावर सर पोह्यांची बशी घेऊन बसलेले असत.

अकरा वर्षांपूर्वी मंडळाने वादविवाद सोडून प्रयोग करावा असे ठरले. पदार्थविज्ञानातील एक विलक्षण तथ्य असे की, अतिक्षीण संकेतात योग्य मात्रेत गोंगाट मिसळला तर तो संकेत अधिक स्पष्ट होतो. मात्रा ओलांडली की बुडून जातो. हे माणसाच्या कानालाही लागू पडते काय, हे पाहावयाचे होते. वागळे इस्टेटमध्ये सरांच्या एका माजी विद्यार्थ्याचा लहानसा कारखाना आहे. साप्ताहिक सुटीच्या दिवशी तेथील चौदा कामगार चहा आणि बटाटेवड्यांच्या मोबदल्यात आपले कान विज्ञानास अर्पण करण्यास आले. प्रत्येकाला हेडफोन लावून अत्यंत मंद 'टुक' वीस वेळा ऐकवायचे, मागे खरखर कधी नसेल, कधी थोडी, कधी मध्यम, कधी पुष्कळ. किती टुक ऐकू आले ते नोंदवायचे. सर स्वतः कच्च्या वहीत आकडे टिपत. त्यावरून पक्की प्रत करणे आणि आलेख काढणे एवढेच निरुपद्रवी कार्य माझ्याकडे सोपविले होते.

कच्च्या वहीनुसार बहुतेकांचे आकडे अपेक्षेप्रमाणे चढून उतरत होते. आलेखात एक सुबक टेकडी उभी राहावयाची. अपवाद सातव्या क्रमांकाचा. लेथवर काम करणारे बाळाराम म्हात्रे, वय पन्नासच्या आसपास. त्यांचे आकडे तीन, चार, तीन, तीन. त्यांना धरून सरासरी काढली की माझी टेकडी बसकण मारीत असे.

त्यानंतर जे घडले त्याचे वर्णन मी संस्कृतप्रचुर भाषेत करू शकलो असतो, तसा मोहही आहे. पण सरळ सांगतो. इंग्रजी आकड्यांत एक म्हणजे नुसती उभी रेघ. पक्क्या प्रतीत म्हात्र्यांच्या मधल्या दोन आकड्यांच्या डावीकडे मी ती उभी रेघ काढली. चाराचे चौदा झाले, तिनाचे तेरा. टेकडी उभी राहिली.

तत्त्वज्ञ असल्यामुळे कारणाची मला वाण नव्हती. हा गृहस्थ वड्याकडे लक्ष ठेवून बसला असावा; त्याचे अनवधान हा आगंतुक धर्म, तो वगळून मूळ तत्त्व प्रकट करणे हेच ज्ञात्याचे कर्तव्य; इत्यादी. हे सर्व मी स्वतःला अत्यंत शुद्ध मराठीत समजावून सांगितले आणि मला ते पटले.

ठाण्यातील एका सभागृहात आमचे संयुक्त विवेचन होते. त्या सभेला विशेष महत्त्व होते. ठाण्यात या तीन विषयांचे एक संयुक्त संशोधन केंद्र सुरू व्हावयाचे होते, सरांनी त्याचे प्रमुख व्हावे असे जवळजवळ ठरलेले होते, आणि ते ठरविणारी मंडळी पहिल्या दोन रांगांत बसली होती. पक्की प्रत मी त्याच सकाळी सरांच्या हाती दिली. कारखानीसबाई बोलत होत्या, पडद्यावर माझी टेकडी झळकत होती, आणि व्यासपीठावर सर आपल्या नित्य सवयीप्रमाणे मांडीवर दोन्ही वह्या ठेवून एकेका आकड्यावर पेन्सिलीने बारीक खूण करीत होते. सातव्या ओळीशी पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. पहिल्या प्रात्यक्षिकाला पाहिले होते, तसेच.

मग ते उठले.

"बाई, एक मिनिट. या आलेखातले काही आकडे मूळ नोंदीशी जुळत नाहीत. हा आलेख मी मागे घेतो. नोंदी माझ्या, तपासायची जबाबदारी माझी. दोष माझा आहे."

मागून कोणीतरी म्हणाले, "वय झालं सरांचं." दोघे-चौघे हसले. मी पहिल्या रांगेत होतो आणि माझ्या बुटाच्या नाड्या पाहत होतो. त्या दोन्ही व्यवस्थित बांधलेल्या होत्या. उभे राहून एक वाक्य उच्चारणे एवढेच काय ते करावयाचे होते. आयुष्यभर वाक्यांवर उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाला ते एक वाक्य सापडले नाही.

पंधरवड्याने समितीने केंद्राच्या प्रमुखपदासाठी अधिक तरुण नेतृत्वाचा विचार करण्याचे ठरविले.

त्या सभेनंतर जिन्यावर, आता सर बोलणार, या भीतीने मी दोन पायऱ्या मागे राहिलो होतो. सर थांबले.

"सात नंबरला कोण होतं रे?"

"म्हात्रे. लेथवाले."

"सगळ्या पातळ्यांवर तीन-चार. त्यांना कमी ऐकू येतंय. टिपतानाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. चल, रिक्षा बघ."

मी त्या आकड्यांत टेकडीचा अडथळा पाहिला होता. सरांनी माणूस पाहिला. आम्ही तसेच वागळे इस्टेटला गेलो. म्हात्रे लेथवर वाकलेले होते. सरांनी मागून दोनदा हाक मारली, त्यांनी वळून पाहिले नाही. शेजारचा कामगार म्हणाला, "म्हात्रेमामा जरा शिष्टच हायेत. परवा मागून ट्रॉली आली, आम्ही बोंबललो, तरी हलले नाहीत. थोडक्यात पाय वाचला." सरांनी पुढे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हात्रे, ऐकायला कधीपासून कमी येतंय?"

"कमी कुठं? मना वाटला, माणसंच हल्ली हलू बोलतात."

सर त्यांना ठाण्यातील कानाच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेले, एकदा नव्हे, तीनदा. यंत्र बसल्यावर म्हात्रे पहिल्याच रात्रपाळीवरून थेट डोंबिवलीला, रविवारच्या मंडळात आले. "सर, माझी लेथ येवढी कुरकुरते, ह्या मना ठावंच नव्हता. बेअरिंग गेलंय तिचं. कधीचं गेलंय!" सर इतके प्रसन्न झालेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. चष्म्याचा प्रश्न त्या रविवारी त्यांनी निकालात काढला: "ज्याला आधीची पातळी परत मिळाली त्याला विचारा. त्याला नाव काय द्यायचं, ते देवस्थळी सावकाश ठरवेल."

मी सावकाश ठरविले. 'वर्धनाचे नीतिशास्त्र' या विषयावर मी व्याख्याने दिली. कल्याणात तर संशोधनातील प्रामाणिकपणा या विषयावर मला शाल मिळाली. ती मी स्वीकारली. उबदार आहे.

या ग्रंथाच्या संपादक कारखानीसबाईच आहेत. त्यांनी सरांच्या जीवनपटाचा मसुदा सर्व लेखकांकडे पाठविला. त्यात एक वाक्य होते: "आकडेवारीतील एका अनवधानाचा अपवाद वगळता सरांची कारकीर्द निर्दोष आहे." बाईंनी ते ममत्वाने लिहिले होते. मी ते वाचले, मसुदा मिटला, पुन्हा उघडला. वाक्य तेथेच होते. ते छापले गेले तर सरांच्या पश्चात, माझ्या पश्चात, आपण कोणी नसताना, तेच उरणार होते.

मी बाईंना फोन केला आणि सांगितले.

"अहो देवस्थळी," त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्या माणसाला चष्मा बदला, चष्मा बदला म्हणतेय! दर रविवारी! आणि ते नुसतं 'बदलतो हं' म्हणतात!"

"मला काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना जाऊन सांगा."

गेलो. सर गॅलरीत वर्तमानपत्र वाचीत होते. मी तीन वाक्यांत सांगितले. एवढे थोडक्यात मी कधीही बोललेलो नाही.

"ठाऊक होतं रे. लोलक कपाटातच होता."

"मग सर, तुम्ही बोलला का नाहीत? केंद्र गेलं तुमचं."

"ज्याने रीडिंग लिहिलं, त्यानेच खोडायचं असतं. मी खोडलं असतं तर तुला काय आलं असतं? थांबलो मी. तू जरा जास्तच वेळ घेतलास." मग वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले, "म्हात्र्यांना सांगितलंस?"

सांगितले. निवृत्त म्हात्रे आता कळव्याला राहतात. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हंजे मास्तर, कागदावर तरी मी चौदा ऐकले होते?" आणि खदखदून हसले. थोड्या वेळाने हसणे थांबवून म्हणाले, "पर सरांनी तुमचाच कागद खरा मानला असता, त मी पुढल्या ट्रॉलीखाली असतो." ते रागाने म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले असते तर बरे झाले असते.

लेख लिहिण्यास सरांनी दोन अटींवर अनुमती दिली. पहिली, त्यांना विशेषणे लावू नयेत. एका माणसाचे पुरेसे वर्धन मी पूर्वीच केले आहे. ती मी यथाशक्ति पाळली आहे. दुसरी अट वाचकांस ठाऊक आहे. त्यामुळे या ग्रंथाच्या जीवनपटात कारखानीसबाईंच्या त्या वाक्यावर एक आडवी रेघ छापलेली आढळेल. मुद्रणदोष समजू नये. खालचे वाक्य वाचता येते. शेजारी माझी सही आहे.

सरांना निरामय, दीर्घ आयुष्य लाभो, रविवारची मंडळी आणि पोह्यांची बशी अखंड राहोत, ही प्रार्थना. किती वर्षे, कशाच्या मानाने, असे सर तात्काळ विचारतील. तो आकडा मी सांगणार नाही. तो सरांनी सांगावा. मी जसाच्या तसा उतरवून घेईन.