आमच्या आळीत कोणी पीत नाही

जी गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नाही, ती तुम्हाला सांगायला बसले आहे. वसंत जाऊन बरीच वर्षं झाली – हो, नावानंच म्हणते, आता कोण रागावणार? – चाळीसहून जास्त वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. भांडलो, अबोले धरले, एकमेकांची दुखणी काढली. पण ही एक गोष्ट माझ्या ओठांवर आली नाही. आली असती तर तो माझा राहिला असता का? विचारून पाहायचं धाडसच झालं नाही.

पनवेल तेव्हा केवढंसं होतं! एस.टी.चा स्टँड, वडाळे तळं, टपाल नाका, आणि खाडीकडे चालत गेलं की मिठाचे पांढरे ढीग. आगगाडीचा पत्ता नव्हता. डास मात्र भरपूर. आमच्या समोरच्या घरातले नाना म्हणायचे, "पाहुणा तिसऱ्या दिवशी उठावा म्हणून देवानं पनवेलला डास दिले." नाना शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलींनाही शिकवायचे, आणि चूक झाली तर रागावण्याऐवजी इतकं हसायचे की ती चूक जन्मात पुन्हा होत नसे. मी त्यांच्याच वर्गातून मॅट्रिक झाले. त्यांच्या अंगणात अनंताचं झाड होतं. त्याची फुलं माझ्या वेणीत पोचवायचं काम त्यांचा मुलगा वसंत करायचा, आणि दोन्ही घरं आपल्याला काही दिसत नाही असं दाखवायची. बोलणी झाली होती. साखरपुडा मार्गशीर्षात करायचा ठरला होता.

किती सुखाचे दिवस होते ते! आजही आठवले की मी एकटीच हसते. मग पुढचं आठवतं.

दारूबंदी येऊन काही वर्षं झाली होती. दारू बंद होणं सोडून बाकी सगळं त्या दारूबंदीनं झालं होतं. त्या साली मुंबईचे एक डॉक्टर तालुक्यात पाहणी करायला आले. माणसं का पितात, प्यायल्यानं घराचं काय होतं, आणि ती सुटावी म्हणून काय करता येईल – हे घरोघर विचारून लिहून घ्यायचं होतं. बायकांशी बोलायला बाई हवी होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, सुट्टी होती. नानांनीच माझं नाव सुचवलं. हो, नानांनीच.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा गुन्हा समजून विचारू नका. हा आजार आहे. आजार पोलिसाला नाही, डॉक्टरला सांगायचा असतो." फॉर्म चार पानांचा होता. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता – उपचार हवा आहे का? तिथं 'हो' लिहिलेलं असेल त्या घरी डॉक्टर स्वतः जाणार होते. आणि ते जात. मी पाहिलं आहे.

मिठागरांकडच्या वाड्यांवर मला वाटलं होतं, बायका दार लावून घेतील. उलटंच झालं. मंगळीबाई नावाच्या आगरी बाईनं मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "लिव गो बाय. आमी घेताव. दिसभर खारान पाय जलतान, मंग झोप कशी येल? हलदीला तं घेतावच. त्यान लपवायचा काय हाय?" मग आवाज खाली करून म्हणाली, "पन माजा घोव हाय ना, त्याचा पार हाताभायेर गेलाय. त्या डाक्टरला सांग." मी 'हो' लिहिलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांची जीप वाडीवर गेली. तो माणूस मुंबईला इस्पितळात दोन महिने राहून आला. पुढं मी त्याला बाजारात पाहिलं, खांद्यावर नातू घेऊन उभा होता.

आणि आमची आळी? पूजेअर्चेची, सोवळ्याओवळ्याची, शिकलेल्यांची. तिथं जाऊन कोणाला काय विचारणार – 'काकू, काका पितात का हो?' जीभ झडली नसती का? एका दुपारी पडवीत बसून मी आळीतल्या सगळ्या घरांचे फॉर्म एकटीनं भरून टाकले. नाही. नाही. नाही. शेवटच्या पानावर 'लागू नाही'. डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, मोठ्या ऐटीत – "आमच्या आळीत कोणी पीत नाही."

पण ही माझी कबुली नव्हे. एवढंच असतं तर आळशीपणा म्हणून मी हसून सांगितलं असतं.

दोन दिवसांनी माईंनी मला हाक मारली. माई म्हणजे नानांची बायको, माझी होणारी सासू. सकाळची वेळ, नाना तळ्यावर फिरायला गेलेले. माईंनी मला आत नेलं आणि फडताळ उघडलं. खालच्या खणात द्राक्षासवाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, ओळीनं, पुसून ठेवलेल्या. त्यांच्या मागं आणखी काही – लेबलं नसलेल्या.

"कुसुम गेली तेव्हापासून," त्या म्हणाल्या. कुसुम म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, विषमज्वरानं गेली होती. वैद्यांनी झोप लागावी म्हणून दोन चमचे सांगितलं होतं. दोन चमच्यांचं पेलाभर झालं. एका वैद्यानं हात आखडला की दुसऱ्याकडून. आता खाडीवरून कोणीतरी हातभट्टीची आणून देतं. "फळ्यावर लिहिताना हात कापतो म्हणतात मुलं. तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक होतं का? वेलदोडा चघळत असत नाना, सदानकदा. वर्गात आम्ही त्यावरून चेष्टा करायचो. बाकी काही – खरं सांगू? – मी बघितलं नव्हतं कारण बघायचं नव्हतं.

माई म्हणाल्या, "तू लिहून नेतेस ना त्या डॉक्टरांना? ह्यांचं लिही. मी कोणाकडं जाऊ गं? भावाला सांगू? आळीत सांगू? तू आता आमचीच आहेस, म्हणून तुला सांगते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, आणि ते बोट पांढरं पडलं होतं. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला. त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं. शेवटच्या पानावर त्यांच्या देखत 'हो' लिहिलं. त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

समोरच्या आमच्या घरी पोचेपर्यंत मला जीप दिसायला लागली होती. आळीत, नानांच्या दारात, दिवसाढवळ्या उभी असलेली जीप. प्रत्येक खिडकीत एक डोकं. आणि आमचे अण्णा – माझे वडील – घरात कांदासुद्धा चालू न देणारे. पिणाऱ्याच्या घरात मुलगी दिली असती त्यांनी? मार्गशीर्षाला तीन आठवडे होते.

डॉक्टरांना गुपचूप या, चालत या, असं सांगता आलं असतं. ते आलेही असते. मला सुचलं नाही असं नाही – सुचलं होतं. पण मला ती जोखीमही नको होती. मला वसंत हवा होता, अनंताच्या झाडासकट, समोरच्या घरासकट, आणि मला तो मार्गशीर्षातच हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचं पाणी तापत होतं. ती चार पानं मी बंबात घातली. डॉक्टरांकडे गेला तो आधीचा फॉर्म. नाही. नाही. लागू नाही.

साखरपुडा झाला. वैशाखात लग्न झालं, आणि मी मोजून वीस पावलं चालून सासरी आले. माई रोज चार वाजता चांगल्या कपबश्या काढून, पुसून ठेवायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "असू देत, कोणी आलं गेलं." आम्ही दोघीच जाणत होतो, कोण यायचं आहे ते. डॉक्टर काम आटोपून केव्हाच मुंबईला परत गेले होते, हे मी एकटी जाणत होते.

नानांना शाळेनं लवकर निवृत्त केलं. मग घरात संस्कृत ऐकू येईनासं झालं. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्यांना कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. मी त्यांचं सगळं केलं. आळी म्हणाली, सून असावी तर अशी. शेवटच्या आठवड्यात एकदा त्यांनी माझ्या लेकीला सुभाषित म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, आणि दुसरा चरण आठवेना म्हणून लहान मुलासारखे रडले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी त्यांचं तोंड पुसलं.

दिवस वगैरे सगळं उरकल्यावर एका दुपारी माई आणि मी गवार मोडत बसलो होतो. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "त्या डॉक्टरांना कामं असतील गं. कुठं कुठं म्हणून जाणार?"

मी पुढची शेंग उचलली.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला सगळं नीट सांगितलं होतं ना? मला आपलं सारखं वाटतं, माझ्याच सांगण्यात काही राहून गेलं. लाजेनं मी पुरतं बोलले नसेन."

तेव्हा सांगता आलं असतं. घरात दुसरं कोणी नव्हतं. लग्न मोडायची भीती नव्हती, अण्णांची भीती नव्हती, काहीच हातचं जाणार नव्हतं.

मी म्हटलं, "राहिलं असेल, माई."

त्यांनी मान हलवली. पुढं सोळा वर्षं त्या जगल्या, ते खरं मानून.