इंजिन काकांचं, गाडी आमची

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा गाडी आमच्याकडे आली आणि तिचं इंजिन काकांकडे गेलं. हे सांगितलं की ऐकणारा हसतो. हसा. तुमच्या घरात भाऊबंदकी नसेल तर देवापुढे नारळ फोडा.

आजोबा इंदूर दरबारच्या मोटारखान्यात होते. दरबारचा कारभार आवरला तेव्हा तिथली एक लांबलचक अमेरिकन गाडी त्यांनी विकत घेतली. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आमच्या छत्रीबागेच्या गल्लीत ती एका दमात वळायची नाही. पुढे तिचं पेट्रोल परवडेना, म्हणून बाबांनी स्वतःच्या हाताने ते इंजिन उतरवलं आणि टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा इंदुरात बरेच जण असं करायचे. पण काकांना ते सोसलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं. वाटणीच्या वेळी त्यांनी पंचांमार्फत उतरवलेलं इंजिन मागितलं. बाबा म्हणाले, "ने तुझं भंगार." मग अंगणात भिंत उभी राहिली.

आम्ही लष्करी घराण्यातले, म्हणून दसऱ्याला शस्त्रपूजा. तलवारी कधीच गेल्या होत्या. आम्ही गाडीला झेंडूचा हार घालायचो, पलीकडे काका इंजिनाला घालायचे. पूजा झाली की काका त्यात तेल सोडायचे आणि जाम होऊ नये म्हणून पाना लावून हाताने फिरवायचे. तो आवाज भिंतीवरून आला की बाबा आरती जोरात म्हणायला लागायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

मी पीथमपूरच्या कारखान्यातून रिटायर झालो आणि गाडी नीट करायला घेतली. तोवर बाबा खुर्चीला खिळले होते. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता म्हणाले, "तिचं इंजिन परत तिच्यात बसलेलं मला बघायचंय. मीच काढलं होतं."

म्हणून मी भिंतीपलीकडे गेलो. काका आतल्या खोलीत अंथरुणाला लागलेले. दारात उभा चुलतभाऊ. हा भंवरकुआंला होस्टेल चालवतो आणि सगळ्या जगाशी वॉर्डनसारखा बोलतो. त्याने मला आत घेतलं नाही. अरे, इंदुरात दुश्मनालाही पोहे विचारतात, याने पाणी विचारलं नाही.

"इंजिन पाहिजे ना, भिया? मग गाडी इकडे लावून टाक. मी बसवून घेतो."

"गाडी आमची आहे."

"हां, तो फिर इंजिन आमचं आहे. बात खत्म."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला त्या इंजिनाचं सोयरसुतक नव्हतं, त्याच्यावर त्याची बायको पापड वाळवायची. आम्हाला मिळू नये, एवढाच त्याचा हट्ट.

मी दिल्लीच्या भंगारवाल्याकडून एका मोठ्या परदेशी जीपचं सहा सिलिंडरचं इंजिन मागवलं. नव्या धाटणीचं, हलकं, जुन्यापेक्षा दमदार. मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगून टाकलं की फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसायची जागा, जुळणार नाही, चॅसीचा पुढचा आडवा दांडा कापावा लागेल. "एक बार काट दिया तो पुरानावाला फिर नहीं बैठेगा, साहब. सोच लो."

बाबा खुर्चीतून म्हणाले, "थांब जरा. मी त्याला निरोप धाडतो."

"त्या लोकांच्या दारात आता कुणी जायचं नाही," मी म्हणालो. आणि मिस्त्रीला म्हणालो, "काटो."

दुसऱ्या दिवशी दांडा कापला, भंगारात गेला. नवं इंजिन बसलं. सायलेन्सर मी मुद्दाम दोन लावून घेतले, चकचकीत स्टीलचे, जाड नळ्यांचे. गाडी शेडमध्ये अशी लावली की दोन्ही तोंडं भिंतीकडे. रोज सकाळी मी ती तापवत बसायचो. भिंत थरथरायची, धूर पलीकडे जायचा, चुलतभाऊ वरच्या गच्चीतून शिव्या घालायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

आणि एका सकाळी तो दारात आला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड, मागे हातगाडी, हातगाडीवर इंजिन. हमाल घामाघूम. इंजिनावर ताजा झेंडूचा हार.

तेव्हा कळलं की बाबांनी मला न सांगता निरोप धाडलाच होता, गाडीला करवत लागायच्या आधी. 'चुकलं माझं, इंजिन दे,' एवढाच. आणि या गृहस्थाने तो दाबून ठेवला होता. शेवटी माझ्या धुराला वैतागून त्याने वडिलांना सांगितलं की बघा, एकीकडे माफी मागतात आणि दुसरीकडे हे. काकांनी फक्त पहिलं ऐकलं. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता नेऊन दे. आणि बसलं की मला आवाज ऐकवा."

हमालांनी इंजिन अंगणात उतरवलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, कापलेल्या चॅसीवर हात फिरवला आणि बंद केलं. बाबा इंजिनाकडे बघत होते.

काकांनी आपली खाट भिंतीशी लावून घेतली होती. पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांत भावाला उद्देशून पहिला शब्द.

"बसलं का रे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सांगा, उद्या बसेल."

"नाही बसत," बाबा भिंतीला म्हणाले. "पोराने कापली तिला."

पलीकडे खाट करकरली. काका म्हणाले, "तू काढलंस, त्याने कापली. तुझ्यावरच गेलाय."

"हो ना," बाबा म्हणाले.

आता दोघे रोज सकाळी बोलतात. इकडे खुर्ची, तिकडे खाट, मध्ये भिंत. मोटारखाना, आजोबा, जुने रस्ते, काय वाटेल ते. मी गाडी सुरू करत नाही, तिच्या आवाजात त्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून. इंजिन अंगणात ताडपत्रीखाली आहे. निरोप दाबणारा तो, हट्टाला पेटलेला तो, आणि तोच चुलतभाऊ रोज काकांच्या खाटेशी बसून हसतो.

माझ्याशी बाबा बोलत नाहीत. त्या दिवसापासून एक शब्द नाही. तहान लागली तरी भिंतीकडे तोंड करून सांगतात. मग गच्चीतून चुलतभाऊ ओरडतो, "भिया, माझ्या काकांना पाणी दे."

मी पाणी देतो.