बांधलेल्या मुठीतली पूजा

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. देव आहे हे मी मानत होते, पण तो माझं काही ऐकेल असा भरवसा उरला नव्हता. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, हनुवटीवर केस यायचे आणि उपास करूनही अंग सुटतच चाललं होतं. सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या कापडाच्या दुकानात मी बसले की बायका लुगडी कमी आणि मला जास्त निरखायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, बीजकोशांवर बारीक बारीक फोड आहेत, वजन आणि पाळी हे सगळं त्याच दुखण्यातलं. मी म्हटलं, "मग चरबीच कापून काढा की!" ते हसले. वजन उतरवायची ऑपरेशनं परदेशात होतात म्हणे. इथे बीजकोशाचा थोडा भाग काढून टाकला तर मुलाची आशा होती, आणि त्यासाठी पुण्याहून एक सर्जन एका दिवसापुरते येणार होते.

त्या सकाळी मी इतकी उतावीळ झाले होते की बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र भराभर काढून सासूबाईंच्या ओटीत टाकलं. तेवढ्यात सर्जनांनी माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट दाखवलं. त्यात माझं इष्टलिंग होतं. आम्ही लिंगायत, गुरूंनी दिलेलं लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मंगळसूत्र ऱ्हाऊ दे माझ्याकडं. पण ह्ये न्हाय काढायचं बग."

"बाई, आत काहीही चालणार नाही," सर्जन म्हणाले. "ठरवा लवकर, नाहीतर पुढच्या पेशंटला घेतो."

एकीकडे मूल, दुसरीकडे शिव. मी रडून शिवालाच म्हटलं, "बाबा, मला हे ठरवता येत नाही. आता तूच बघ." इतक्या मनापासून मी त्याला कधीच हाक मारली नव्हती.

दाराशी एक वयस्कर सिस्टर उभी होती, गळ्यात क्रूस. दुसऱ्या वॉर्डातून फक्त त्या दिवसापुरती आलेली. ती सहज म्हणाली, "डबी बाहेर ठेवा. लिंग मुठीत धरा, मी वरून पट्टी बांधते. उजव्या हाताला सलाईन लागेल, तेव्हा डावा द्या."

सर्जनांनी होकारार्थी मान डोलावली. मी लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि अंगभर शहारले. लहानपणापासून रोज अंघोळ झाली की मी ते ह्याच तळहातावर ठेवून पूजा करत आले होते. त्या सिस्टरला हे कुठून माहीत असणार? ती पट्टीचे वेढे देत होती आणि मला आनंदाने हसू आवरत नव्हतं. बेशुद्धीत मूठ सुटेल ही भीतीसुद्धा गेली. धरून ठेवायचं काम आता माझ्याकडे नव्हतंच. तोंडावर मास्क आला तेव्हा मी "नमः शिवाय" म्हणत होते.

जागी झाले तेव्हा मूठ तशीच होती. सिस्टर तिच्या वॉर्डात निघून गेली होती. तिचे आभार मानायचे राहिले, ते आज इथे मानते. पुढे पाळी सुरू झाली. वजन फारसं हललं नाही, पण मला मुलगी झाली. बायका अजून विचारतात, शिवाला काय नवस बोलली होतीस? नवस कुठला! त्या आनंदात मूल मागायचं माझं राहूनच गेलं होतं.