डाव्या मडगार्डवर कोण बसायचं?

...आणि ते ‘आजोबा शांत स्वभावाचे होते’ असलं काही लिहू नकोस. होते काय गं, आहेत! बाहेर खाटेवर पाय पसरून बसलेत. आणि शांत कसले? आयुष्यभर ट्रॅक्टरच्या धडधडीत बसून कान गेलेत, म्हणून गप्प असतात. लोकांना वाटतं, किती गुणाचा माणूस! गुण कसले, अर्धं ऐकूच येत नाही.

तू म्हणालीस ना, आजी, आजोबांविषयी सांग, मी लिहून घेते. मग लिही. आजोबांविषयी म्हणजे ट्रॅक्टरविषयी. दुसरं काही नाहीच त्या माणसात.

तुझे आजोबा मळ्यावर ड्रायव्हर. सगळं गाव त्यांना ‘डायवर’च म्हणायचं. त्यांच्या आईनं ठेवलेलं नाव तर मीही विसरले होते, तुझ्या बापाला शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं तेव्हा मला आठवेना. पोरवयात ते मळ्यावर बैल हाकायला लागले. मग मालकानं ट्रॅक्टर आणला. बरोबर शिकवणारा माणूस आला होता, त्यानं दोन दिवस शिकवलं आणि तिसऱ्या दिवशी हेच त्याला शिकवायला लागले. असं हेच सांगतात. तो माणूस काय म्हणतो ते विचारायला तो काही परत आला नाही.

मी लग्न होऊन आले, तेव्हा मला कळलं की घरात सवत आधीच आलेली आहे. लाल रंगाची, चार चाकांची. सकाळी उठून तिचं तोंड पुसायचं. तिला गाळून पाणी. आणि आम्ही हंड्यातलं जसं असेल तसं पीत होतो! तिला जरा खोकला झाला की यांना जेवण जात नसे. मला एकदा ताप आला, तर म्हणाले, “पडून रहा, आपोआप उतरेल.” आपोआप! आणि तिच्या इंजिनाला आपोआप काही होत नसे, तिथे सगळं खोलून बसायचे.

बरं, तर मागच्या महिन्यात मळ्याच्या मालकांची नात आली होती. तू शाळेत होतीस. चांगली पोरगी आहे, जीन्स घालते, पण दारात चप्पल काढून आत आली. म्हणाली, “आजोबा, शेडमागे जुना ट्रॅक्टर पडलाय. बाबा भंगारात घालणार आहेत. मला तो चालू करायचाय. पण गॅरेजवाला म्हणतो, आधी मॉडेल नक्की सांगा, नाहीतर पिस्टन मागवणार नाही. चुकीचा आला तर परत घेत नाहीत.”

आता घोळ असा, की मळ्यावर एकेकाळी दोन ट्रॅक्टर होते. एकाच कंपनीचे, एकाच लाल रंगाचे. एक पस्तीस हॉर्सपॉवरचा, म्हणून पस्तीसवाला, दुसरा चाळीसवाला. शेजारी उभे केले तर जुळे भाऊ. त्यातला एक विकला. कुठला विकला आणि कुठला राहिला, ते आता मळ्यावर कुणालाच माहीत नाही. नंबराची पाटी गंजून गळून पडली.

पोरगी म्हणाली, “बॉनेटवर चाळीस लिहिलंय. गॅरेजवाला म्हणतो, चाळीसच आहे.”

“बॉनेटवर काय, माझ्या टोपीवर पण काहीही लिहिता येईल,” हे म्हणाले. “एकदा झाडाची फांदी पडून पस्तीसवाल्याचं बॉनेट चेपलं होतं. चाळीसवाला विकायला काढला, तेव्हा मालक म्हणाले, जाता जाता चांगलं बॉनेट काढून घे, चेपलेलं त्याच्यावर चढव. घेणाऱ्याला पत्ता नाही लागला. म्हणजे राहिला तो पस्तीसच असणार, पण खात्री करून घेऊ.”

मग यांनी डोळे मिटले. अगं, मी लग्नाच्या दिवशीही या माणसाचं तोंड असं उजळलेलं पाहिलं नव्हतं. हात पुढे केले, डावा पाय दाबला, उजव्या हातानं हवेत गिअर टाकला. “सीट बदललेली असणार. सायलेन्सर तर कुणीही बदलतं. डिझेलची नळी कुठून जाते?” पोरगी मोबाइलमधले फोटो मोठे करून करून बघत होती. तिला नळी सापडेना. मग हे म्हणाले, “बरं, राहू दे. डाव्या मडगार्डवर बघ. दांडी आहे का? हाताला धरायची? मी जोडून घेतलेली.”

“आहे! वाकलीय, पण आहे. आणि खाली पाय ठेवायला पत्रा आहे.”

“मग पस्तीसच. डोळे झाकून पस्तीसचे पिस्टन मागव. चाळीसवाल्याला दांडी नव्हतीच. ती पस्तीसला जोडली होती, तिला बसल्यावर धरायला काहीतरी हवं म्हणून.”

पोरगी खूश झाली. टाळी वाजवली तिनं. मी चहा आणत होते.

तिला? कुणाला तिला?

पोरगी जाईपर्यंत मी जिभेला गाठ मारून बसले. ती वळणावर दिसेनाशी झाली, तशी मी म्हणाले, “अहो, कोण बसायची?”

“कुठे?”

“मडगार्डवर! दांडी धरून!”

“बसायचं कोणीतरी.”

“कोणीतरी नाही. तिला म्हणालात. मी बहिरी नाही तुमच्यासारखी.”

तर म्हणतात कसे, “मी शब्द दिलाय. सांगता येणार नाही.”

“कुणाला शब्द दिलाय?”

“जिला दिला तिला.”

बघ! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता तुला वाटेल, म्हातारी झाली तरी हिचं काय चाललंय. पण तुला माहीत नाही. मी शिवणाच्या दुकानात काज-बटण करायला जायचे. संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत परत. एकदा पायात चप्पल चावत होती, मान अवघडलेली, आणि मागून ट्रॅक्टर आला. आपला नवरा! मी हात केला. हे थांबले नाहीत. थोडं हळू केलं आणि ओरडून म्हणाले, “मालकाची सक्त ताकीद आहे! ड्रायव्हरशिवाय कुणी बसायचं नाही!” आणि गेले. धूळ खाल्ली मी. घरी आल्यावर मीच म्हणाले, बरोबर आहे, नोकरी आहे, नियम तो नियम. आणि नंतर कधी त्या ट्रॅक्टरवर बसायचं नाव काढलं नाही. कधीच बसले नाही गं मी त्याच्यावर. आणि इथे दुसऱ्या कुणासाठी लोखंडाची दांडी जोडून घेतली होती, शिवाय पाय लोंबकळू नयेत म्हणून पत्रा!

माझ्यासाठी यांनी आजवर साधा खिळा भिंतीत ठोकला नाही.

दोन दिवस मी बोलले नाही. यांच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि मागच्या गल्लीत जाऊबाईंकडे गेले. तुझी मोठी आजी. मनातलं बोलायला मला दुसरं कोण आहे? आम्ही दोघी जावा एका चुलीवर भांडलो आणि एका चुलीवर समेट केला.

त्या बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. मी बसायच्या आधीच सुरू झाले. म्हणाले, “ताई, माझं कपाळ बघा. या वयात कळतंय मला, ट्रॅक्टरवर बाई बसवून फिरायचे तुमचे दीर.”

“अगं बाई!”

“दांडी जोडून घेतली होती तिच्यासाठी. पाय ठेवायला पत्रा! आणि वर शब्द दिलाय म्हणतात. मला तर त्या चक्कीवाल्याच्या बायकोचा संशय येतोय. डोळे नुसते भिरभिर फिरायचे तिचे.”

“ती कशाला बसेल, तिला गाडी लागायची,” ताई म्हणाल्या. खाली मान घालून लसूणच सोलत होत्या.

“मग ती दूधवाली. हसायची किती, आठवतंय? कोण असेल ती असो, कोण ती भवानी, मला एकदा तिचं तोंड बघू दे. नाही तिच्या झिंज्या उपटल्या तर...”

ताईंनी सुरी खाली ठेवली. “उपट,” म्हणाल्या. “पण हळू. आता उरल्यात किती.”

मला आधी कळलंच नाही. मग त्या हसायला लागल्या. त्यांचं पोट हललं, बाज हलली, लसणीची सालं उडाली. तुझी मोठी आजी कशी आहे तुला माहीत आहे. तेव्हाही तशीच होती, भरलेली, थोरली. मी म्हणजे झाडूची काडी.

“अगं वेडे,” ताई म्हणाल्या, “वजन म्हणून बसवायचे मला!”

मग त्यांनी सांगितलं. तो पस्तीसवाला हलका होता. नांगरताना उजवं चाक तासात, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरात, उतरतं, डावं वर राहतं. वरच्या चाकावर भार नाही, की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि नांगर पुढे सरकत नाही. आणि मळ्याच्या वरच्या अंगाची जमीन म्हणजे दगड. यांनी आधी वाळूचं पोतं ठेवलं डाव्या मडगार्डवर. पोतं घसरलं, फुटलं. दुसरं बांधलं, ते चाकात गेलं. मालक बांधावर उभे राहून शिव्या घालत होते. बाजूला परगावच्या मजूर बायका खुरपत होत्या, त्यांच्यात ताई. यांनी सगळ्यांवर नजर फिरवली, आणि नजर ताईंवर थांबली. जवळ जाऊन म्हणाले, “वहिनी, रागावू नका. जरा वर येऊन बसता का?”

“मी बसले,” ताई म्हणाल्या, “आणि ते मेलं चाक असं शहाण्यासारखं चालायला लागलं! मालक म्हणाले, नांगरणी होईपर्यंत बाईंना खाली उतरवू नका. खुरपणं बंद, बसायची मजुरी. पण मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं, भाऊजी, ओझं म्हणून बसवलं हे घरी कळता कामा नये. आमच्या ह्यांना, तुझ्या थोरल्या भाऊजींना, कळलं असतं, तर जन्मभर मला पोतं म्हणून हाक मारली असती. त्यांची जीभ तुला माहीत होती.”

माहीत होती. पोतं नाही, याहून वाईट म्हणाले असते.

मला हसू आलं. नाही म्हणत नाही, मीही हसले, डोळ्यांतून पाणी आलं. चहा झाला. मला वाटलं, चला, राग गेला. ताई नसत्या बोलल्या तर गेलाही असता. पण त्या कप खाली ठेवून म्हणतात कशा, “पण काय वारा लागायचा गं वर! सगळं शिवार दिसायचं. तळं दिसायचं, आपल्या घराचं छप्पर दिसायचं. खाली खुरपणाऱ्या बायका एवढ्या एवढ्या. मला तर राणी झाल्यासारखं वाटायचं. आणि तुझा नवरा खाली घालायला पोत्याची घडी करून द्यायचा, टोचू नये म्हणून.”

घडी! करून द्यायचा!

“आणि तुमच्याशी बोलायचे का?” मी विचारलं.

“बोलणार काय डोंबल! इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येतं का?”

तेवढंच एक बरं वाटलं.

परत येताना मला असं वाटत होतं, की चक्कीवालीच असती तर परवडलं असतं. तिच्यावर नीट चिडता आलं असतं. आता जावेवर कशी चिडू? ती बिचारी पोत्याच्या जागी बसली. पण बसली ना गं! पोत्याच्या जागी का होईना, तिनं वरून आमच्या घराचं छप्पर बघितलं. मी खालून चालत आले.

घरी आले तर हे खाटेवरच. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाले, “कळलं मला. ताई बसायच्या.”

“त्यांनीच सांगितलं ना? मग माझा शब्द मोडला नाही.”

“मला का नाही बसवलं कधी?”

तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतात, “तू केवढी होतीस! तुझ्यानं चाक दबलं असतं का?”

“चाक दाबायला नाही म्हणत मी! मला बसायला! त्या दिवशी गाठोडं होतं माझ्या डोक्यावर, हात केला होता मी, तुम्ही ताकीद आहे म्हणालात आणि निघून गेलात.”

त्यांनी खूप आठवून बघितलं. खरंच बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या. मग म्हणाले, “कधी? मला नाही आठवत.”

लिहिलंस? नीट लिही. बॉनेट कधी बदललं ते आठवतं. दांडी आठवते, दांडीखालचा पत्रा आठवतो. चक्कीवाल्याच्या गल्लीत पंक्चर झालं तेव्हा कुठला बोल्ट हरवला तोही विचार त्यांना, सांगतील. आणि मी रस्त्यावर हात केला, ते आठवत नाही.

मी म्हणाले, “मग आता तरी बसवा.”

“आता मी कुठे ड्रायव्हर?” ते म्हणाले. मग डावा पाय हवेत दाबून बघितला. आणि स्वतःशीच म्हणाले, “क्लच जड आहे तिचा. पण तेवढा दाबेन मी.”

परवा ती पोरगी परत येऊन गेली. पिस्टन पस्तीसचे मागवले होते, बरोबर बसले. गॅरेजवाला म्हणे दिवसभर मान हलवत होता. अजून टायर यायचेत, मग चालू करणार. जाता जाता म्हणाली, “आजोबा, ती वाकडी दांडी कापून टाकायची का? बघायला बरं दिसेल.” यांनी उत्तर द्यायच्या आत मीच ओरडले, “खबरदार!” पोरगी दचकली. काही कळलं नाही तिला, आणि मला तेव्हा सांगायची लाज वाटली.

म्हणून आता तू हे लिहितेस आणि चार लोक वाचणार आहेत, तर खाली मोठ्या अक्षरात लिही. वाचणाऱ्यांपैकी कुणी मळ्याच्या बाजूला जात असेल, तर त्या पोरीला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, ड्रायव्हरची बायको सांगते, दांडी सरळ कर, पण काढू नकोस. टायर आले की आधी आम्हाला बोलाव. चढायला स्टूल लागेल, ते मी घरून आणीन. खाली घालायची घडी ज्यानं करायची तो करेल. आणि येताना मागच्या गल्लीतून येऊ नकोस म्हणावं. जाऊबाईंनी बघितलं, तर त्या पण निघतील.