संध्याकाळचं ताट

नात विहारात पडली. पौर्णिमेची वंदना चालू होती, सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत बसल्या होत्या. ती माझ्या शेजारून कलली आणि फरशीवर गेली. मी हात धरला तर थंडगार. गावची आशा कार्यकर्ती तिथेच होती, तिने मनगट चाचपलं, मग गळा चाचपला, आणि पुन्हा मनगट धरलं. नाडी सापडत नव्हती. मागून एक बाई म्हणाली, "उपासानं चक्कर आली असंन. पुण्यवान पोरगी आहे."

मी म्हटलं, "पुण्य तुह्या पोरीले दे. आटो बोलाव."

आटोत सुनेने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. चामोर्शीच्या दवाखान्यापर्यंत सून तिच्या नाकाखाली बोट धरून होती. मी पाय धरून बसले. त्या पायांत काही उरलं नव्हतं. ड्रेस आणि ओढणीच्या आत पोरगी किती राहिली आहे, हे घरात कोणी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. नात कॉलेजात गेली आणि वर्षावासात तिने अष्टशील घेतलं. ते घेतलं की दुपारी बारानंतर जेवायचं नाही. आमच्याकडे पौर्णिमेला बरीच माणसं पाळतात. हिने पौर्णिमा धरली, मग अष्टमी धरली, मग रोजच. पावसाळा संपला, वर्षावास संपला, हिचं संपलं नाही. दुपारचं विचारलं तर म्हणायची, कॉलेजात खाल्लं. विहारात सगळ्या बाया आपापल्या पोरींना हिचं उदाहरण द्यायच्या. सुनेची मान ताठ झाली होती. मलाही बरं वाटायचं.

शिवाय आमच्या घरची रीत. आधी पुरुष जेवणार, मग लहान पोरं, मग आम्ही बाया चुलीजवळ, कोणी आधी, कोणी नंतर, उरलेलं घेऊन. एकीने दुसरीच्या ताटात पाहायचं नाही. उपाशी राहायला याच्याहून सोयीची जागा नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरने पहिलं विचारलं, "घरात सिकल आहे का?" सिकल म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आजार; आमच्या भागात पोर वाळलं की आधी त्याचं रक्त काढतात. ते बरोबरच आहे, इथे घरोघरी तो आजार आहे. रिपोर्ट आला, सिकल नाही. आम्हाला एवढा आनंद झाला की माझा मुलगा, तिचा बाप, गडचांदूरवरून सिमेंटच्या कंपनीतून सुट्टी टाकून जिलेबी घेऊन आला. सगळ्यांनी खाल्ली. नातीने नाही खाल्ली. बारा वाजून गेले होते.

त्यानंतर आम्ही फिरलो. चंद्रपूरला पोटाचा डॉक्टर झाला, त्याने पोटात नळी घालून पाहिलं आणि पोट चांगलं आहे म्हणाला. कोणी टॉनिक दिलं. सिरोंच्याकडच्या एका वैदूचा पाला आणला, तो मी उकळून दिला, तिने मागच्या दाराने फेकला. नातेवाईक म्हणाले, लगन करून टाका, अंग धरंन. एसटीत बसून बसून माझे गुडघे गेले. प्रत्येक जण एकच सांगायचा, हिले खाऊ घाला. कोणाकडे जावं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण हा आजार आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्या पोरीला घरात पोटभर भात आहे ती न खाता मरते, हे मलाही पटलं नसतं.

शेवटी गडचिरोलीला एका डॉक्टरने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. सून दारातच अडली. "म्हणजे पोरगी येडी आहे म्हणते का?"

"येडी असो का शायनी, आत चाल," मी म्हटलं.

आत बाई डॉक्टर होती, वयाने लहान. ती नातीशी एकटीशी बराच वेळ बोलली. मग आम्हाला आत घेतलं आणि मला विचारलं, "आजी, हिला शेवटचं जेवताना कधी पाहिलं?"

"रोजच जेवते."

"तुम्ही पाहिलं का?"

मी सुनेकडे पाहिलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाई."

डॉक्टर म्हणाली, हा मनाचा आजार आहे, पण शरीर आधी जातं. कोणाच्या चुकीने होत नाही, रागावून जात नाही. आधी नागपूरला भरती करा. पण खरं काम घरी आहे. रोज कोणीतरी हिच्यासोबत बसून जेवायचं, त्याच वेळी, तेच जेवण. जेवताना जेवणाबद्दल बोलायचं नाही. वजन गावच्या उपकेंद्रात सिस्टर घेईल आणि आकडा पोरीला सांगणार नाही.

नागपूरच्या वॉर्डात राजुऱ्याकडची एक मुलगी होती, याच आजाराची. तिची आई आणि मी व्हरांड्यात एका चटईवर झोपत होतो. त्यांचंही आमच्यासारखंच फिरणं झालं होतं, फक्त जास्त. ती म्हणायची, "मामी, तुमची तरी चालत बाथरूमले जाते."

घरी आलो आणि संध्याकाळी पहिलाच अडसर आला. नात म्हणाली, "मी शील घेतलं आहे. तुमच्यासाठी मोडू काय?"

शील मोडायचं नाही, हे लहानपणापासून आम्हीच शिकवलेलं. मी काठी घेतली आणि विहारात गेले. विहारातले भिक्खू, आमचे भंते, अंगण झाडत होते.

"भंते, माह्या नातीले देलेलं शील वापस घ्या."

ते म्हणाले, "आजी, शील परत घेत नसतात."

"मंग पोरगीच न्या. राख तरी विहारातच ठेवान."

भंत्यांनी झाडू ठेवला आणि माझ्यासोबत आले. नातीला म्हणाले, आजारी माणसाला हे बंधन नाही.

"मी आजारी नाई. आणि बुद्धानं उपास सोडून सुजाताची खीर खाल्ली, ते गोष्ट मले सांगू नका, पाठ आहे."

"नाही सांगत," भंते म्हणाले. "पण पुढच्या पौर्णिमेला तू आलीस तर मी तुला पंचशील देईन, त्यात जेवणाचा नियम नाही. अष्टशील देणार नाही. सगळ्यांसमोर."

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. भंते गेल्यावर मला म्हणाली, "बुढे, तू माही दुश्मन आहेस."

मी म्हटलं, "असू दे. बस."

त्या संध्याकाळी मी दोन ताटं वाढली. मुलगा घरी होता, तो हात धुऊन येऊन बसला. मी म्हटलं, "तू मागून." जन्मभर मी सगळ्यांच्या नंतर जेवले, आणि आता पोरगा भिंतीला टेकून वाट पाहत होता. पुटपुटला, "म्हातारपणी मालकीण झाली." त्याला हसू आलं नव्हतं, मलाही नाही.

नातीने ताटाला हात लावला नाही. मी माझं संपवलं आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तसंच. मग एका संध्याकाळी तिने वरणभाताचा घास घेतला आणि रडत गिळला. मी भिंतीवरची पाल पाहत होते. बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

पुढे कधी म्हणायची, "आजी, मुद्दाम हळू जेवतेस तू."

"मले दात नाई."

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. मध्ये पुन्हा घसरली, पुन्हा नागपूर झालं. नागपूरच्या दवाखान्यातली समुपदेशन करणारी एक बाई तिच्याशी फोनवर बोलते. आमच्या गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर येते, आणि वाघामुळे तिकडे एकटं जाता येत नाही. म्हणून भरदुपारी मी काठी घेऊन दूर बसते, ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. पौर्णिमेला ती विहारात येते, पंचशील घेते, आणि संध्याकाळी जेवते. काही दिवस बरे जातात, काही दिवस ताट समोर ठेवून आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बसतो. मी थकले आहे. सून शेतातून येते तेव्हा कधी कधी मी म्हणते, आज तू बस. ती बसते.

राजुऱ्याच्या बाईचा फोन आला होता. तिची मुलगी वॉर्डातच गेली.

आमची जगली.