टोपी उतरली की थट्टा बंद

सेतुमामा टोपी डोक्यावर चढवण्याआधी तिची परवानगी मागायचे. दोन्ही हातांत धरून, कपाळाला लावून तिला म्हणायचे, "अम्मा, पांच मिनिटें तुला उसनें घेतों. कोपूं नको." मग टोपी डोक्यावर जायची आणि आमचे किडकिडीत, सावळे, कपाळावर गंध लावलेले सेतुमामा गायब व्हायचे. त्यांच्या जागी कधी गोरा साहेब, कधी मतं मागायला आलेला पुढारी, कधी घरमालक. नक्कल संपली की टोपी काढून पुन्हा कपाळाला लावायची, आणि त्यानंतर त्या माणसाबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. "टोपीस हांसावें, डोक्यास हांसूं नये. टोपी उतरली कीं थट्टा बंद," हा त्यांचा नियम.

गिंडीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात ह्यांना नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून थेट मद्रासला येऊन पडले. एग्मोरला बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी ट्रंक कुठे ठेवायची यावरून आमचं दोघांचं जोरात वाजलं, तर शेजारच्या दारातून हे गृहस्थ बाहेर आले आणि आनंदानं म्हणाले, "भांडण मराठींत चाललें आहे! म्हणजे तुम्ही आमचेच कीं हो!" मला हसूच फुटलं. म्हटलं, हे कुठलं मराठी, बाई! ते मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, "आम्हांस तंजावरीं येऊन तीनशें वर्षें झालीं. मराठी आणिली ती तशीच सांभाळिली. तुम्ही तिकडे तिचें काय करून ठेविलेंत?" मी त्यांना चहा विचारला, तर म्हणाले कॉफी असेल तर बसतो.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगितलं पाहिजे. मद्रासेत आठ-दहा वर्षं काढून ज्यांना भाजीवालीशी धड भांडता येत नव्हतं अशा सुशिक्षित मराठी माणसांचं ते मंडळ होतं. इडली खाताना कांदेपोह्यांच्या आठवणीनं डोळे पुसायचे, हे मुख्य कार्य. अध्यक्ष नानासाहेब, मोठे सरकारी अधिकारी, मूळचे पुण्याचे. त्यांच्या डोक्यावर काळी टोपी असायची, मद्रासच्या उन्हात घामाचे ओघळ कानशिलांवरून वाहत असले तरी असायची. बोडक्यानं वावरणं म्हणजे सुतक, असं ते म्हणत. आमचे हे मंडळाचे चिटणीस, म्हणजे सतरंज्या घालणं आणि नानासाहेबांपुढे मान डोलावणं ही कामं त्यांच्याकडे.

गणपतीत दरवर्षी सेतुमामांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. माणूस एकटा, सोबत टोप्यांची करंडी. पण व्हायचं काय, की त्यांनी "मी काल बाजारास गेलों होतों" एवढं म्हटलं की आमची मंडळी खो खो हसायला लागायची. विनोद अजून दहा वाक्यं लांब, तोवर यांचं हसून पोट दुखलेलं! घरी येताना मामा म्हणायचे, "अय्यो, मी पोंचायच्या अगोदरच तुम्हीं हांसून घेतां. मग मी येणें कशाला?"

म्हणून एका वर्षी त्यांनी शैली बदलली. माझ्याकडून पुस्तकी मराठी घोटून घेतलं. ओसरीवर बसून "मी म्हणालो, तो म्हणाला" असं पोरासारखं पाठ करायचे. कार्यक्रमात एक चूक केली नाही, आणि एकही माणूस हसला नाही. नानासाहेबांनी मात्र पाठ थोपटली, "वा! यंदा अगदी निर्दोष!" मामा मला म्हणाले, "निर्दोष विनोद म्हणजे मीठ न घातलेलें सांबार. आजाऱ्यास चालेल."

पुढच्या वर्षी त्यांनी बोलणंच टाकलं. नुसत्या टोप्या आणि हावभाव. त्यातली 'नवा साहेब' ही नक्कल तर अशी गाजली की लोक आपापल्या घरी करून दाखवायचे. रिकामी खुर्ची म्हणजे नवा साहेब. त्याला मान द्यायला तिघं येतात. पहिले मामांचे कचेरीतले जुने वरिष्ठ पीटरसाहेब, ते विलायती रीतीनं हॅट उतरवतात. दुसरे आमच्यासारखे कुणी रावसाहेब, ते बोडके असतात म्हणून धावत घरी जाऊन टोपी घालून येतात. तिसरा आमच्या हॉलचा राखणदार मुरुगेशन, तो डोक्याचं मुंडासं सोडून तोच पंचा कमरेला बांधतो, कारण तिकडची अदब ती. शेवटी मामाच खुर्चीत बसतात, आणि साहेब बिचारा घाबरून जातो. एकानं काढली, एकानं घातली, तिसरा तर कंबर कसतोय, म्हणजे हा मारायलाच उठला! पीटरसाहेबांना मराठीचं अक्षर कळत नसे, तरी ते दरवर्षी येऊन स्वतःच्या नकलेला सर्वांत मोठ्यानं हसायचे.

तीन-चार वर्षं असं बिनशब्दांचं चाललं. वाहवा झाली, पण मामा आतून सुकत गेले. मी एकदा विचारलंच, "मामा, एवढ्या टाळ्या पडतात, मग तोंड का असं?" मला ते सूनच म्हणायचे. कॉफीचा पेला वाटीत फिरवत म्हणाले, "सुने, मुलगा तमिळींत बोलतो, नातू इंग्रजींत. बायको होती तोंवर घरांत मराठी होती. आतां घरांत माझी मराठी ऐकतो तो देव्हाऱ्यांतला देव, आणि तो तर हूं सुद्धां म्हणत नाहीं. चारचौघांपुढें ती बोलावयास वर्षांत हा अर्धा तास होता. तोहि मीच भिऊन मुका केला." मग म्हणाले, "यंदा बोलेन. आमचीच बोलेन." मी म्हटलं, बोलाच!

ही बातमी आमच्या ह्यांच्या तोंडून नानासाहेबांपर्यंत गेली. ह्यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! लगेच कार्यकारिणी बसली आणि ठराव झाला: रंगमंचावर शुद्ध मराठीच बोलावी, आणि गणपतीपुढे कुणी बोडक्यानं उभं राहू नये. मान्य नसेल त्यानं कार्यक्रम करू नये. वर नानासाहेबांनी मंडळातर्फे एक कोरी काळी टोपी मामांना भेट पाठवली. घेऊन आले आमचे हेच. मी ह्यांना म्हटलं, "आधी स्वतःच्या डोक्यात काही घाला, मग दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी घाला." मामांनी मात्र टोपी दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "छान आहे. मापाची आहे."

त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. उकाडा असा की पंख्याखालीही जीव नको झाला. पीटरसाहेब उशिरा आले, म्हणून बाहेर ओसरीवर दारातच उभे राहिले, डोक्यावर हॅट तशीच. बाजूला मुरुगेशन. मामा करंडी न घेता आले. हातात फक्त ती काळी टोपी. ती त्यांनी कपाळाला लावली, परवानगी मागितली, डोक्यावर चढवली, किंचित घसा खाकरला आणि म्हणाले, "बंधुभगिनींनो, प्रस्तुत प्रसंगी मला जे सांगावयाचे आहे, ते सांगण्यापूर्वी मी प्रथम हे सांगू इच्छितो..." थेट नानासाहेब! तीच मान, तोच रुमालानं टिपायचा घाम, आणि पाच मिनिटं अत्यंत शुद्ध मराठीत काहीही न सांगणं. ठरावाचा एक शब्द मोडला नव्हता. हॉल हसून लोळला. नानासाहेब लालबुंद झाले आणि भान न राहून स्वतःची टोपी काढून तिनंच वारा घेऊ लागले.

मग मामांनी टोपी उतरवली, कपाळाला लावली आणि खाली ठेवली. डोकं उघडंच. "टोपी उतरली," ते म्हणाले. "आतां थट्टा बंद. आतां हें डोकें बोलतें." मागून कुणी सवयीनं फिदीफिदी केलं. तेवढ्यात नानासाहेबांनीच मागं वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मामा बोलू लागले, "ह्याच मराठींत माझी आई मजला जेवावयास हांक मारीत होती. ह्याच मराठींत बायको शेवटलें बोलली, 'दिवा लावून ठेवा' म्हणाली. तुम्ही माझ्या बोलास हांसतां तेव्हां त्या दोघी दाराआड उभ्या राहून ऐकतात, असें मजला वाटतें. मजवर हांसा. माझ्या टोप्यांवर पोट धरून हांसा. पण माझी मराठी ही टोपी नव्हे हो. तें माझें डोकें आहे." एवढंच बोलून ते थांबले. मी पदर तोंडाला लावून रडत होते, आणि माझ्या शेजारचीही.

टाळी कुणी वाजवली नाही. पहिल्या रांगेतून नानासाहेब उठले. हातातली टोपी त्यांनी झटकली, नीट डोक्यावर घातली आणि मामांना वाकून नमस्कार केला. दारात पीटरसाहेबांनी, एक शब्द कळला नसताना, हॅट काढून छातीशी धरली. त्यांच्या बाजूला मुरुगेशननं मुंडासं सोडलं आणि पंचा कमरेला बांधला.

मामांनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं. डोळे पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले. "अय्यो रामा," ते म्हणाले, "एकानें काढिली, एकानें घातली, आणि हा कंबर बांधून उभा. माझीच नक्कल मजलाच करून दाखवितां काय?"

सगळा हॉल त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबला, आणि मग हसला.